लिस्बनचे चार दिवस

रमजानमध्ये इफ्तार झाल्यावर तरावीहला निघेपर्यंत जो तास-दीड तास मिळतो, त्यात आमच्या घरांत वर्षभराचे बेत ठरतात. दस्तरख्वान आवरलेलं असतं, चहाची दुसरी फेरी सुरू असते. कुणाच्या लग्नाची तारीख, घराचा रंग, मुलांचे प्रवेश असे विषय निघत निघत गाडी सुट्टीवर येते. पूर्वी सुट्टी म्हणजे मामाचं गाव, फार तर अजमेर. मग उमरा आणि दुबई आली, आणि हल्ली युरोपचंही नाव निघू लागलं आहे. नवरा-बायको दोघं नोकरीत आहेत, मुलं मोठी झाली आहेत, अशा घरांना चार-पाच वर्षं पैसे बाजूला टाकून हे जमतं. मग टूर कंपनीचं पत्रक घरात येतं : दहा दिवसांत सहा देश.

माझं मत विचारणाऱ्यांना मी सांगतो, सहा देश बसच्या खिडकीतून पाहण्यापेक्षा एक जुनी राजधानी निवडा आणि तिथं चार दिवस पायी फिरा. कोणती राजधानी, असं विचारलं की मी लिस्बन म्हणतो. येत्या मे महिन्यात आम्ही दोन कुटुंबं तिथं जायचं म्हणतो आहोत. एक आमचं आणि दुसरं आमच्या कॉलेजातल्या एका मॅडमचं. मॅडम मूळच्या गोव्याच्या, फोंड्याच्या. गेले तीन महिने स्टाफरूममध्ये नकाशा पसरून आखणी चालली आहे. तिच्यातून जे हाती लागलं, ते इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून इथं मांडतो.

आपल्या ताटातलं शहर

लिस्बन आपल्या स्वयंपाकघरात कधीचंच येऊन बसलेलं आहे. पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, पपई हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आले. घरात साबण, चावी, बालदी, इस्त्री आणि महिन्याच्या एक तारखेला पगार, हेही त्यांचंच देणं. वडापावाच्या गाडीवर उभा असलेला माणूस न कळत पोर्तुगीज बोलत असतो.

याची दुसरी बाजू तितकीच रंजक आहे. लिस्बनवर ११४७ पर्यंत सुमारे चारशे वर्षं मुस्लिम राजवट होती आणि अरबी लोक शहराला अल-उश्बूना म्हणत. राजवट गेली, शब्द राहिले. आपल्या इफ्तारच्या ताटातली खजूर पोर्तुगीज भाषेत 'तामारा' आहे, अरबीतल्या 'तम्र'वरून. जैतून तिथं 'अझैतोना' होतं, तांदूळ 'अर्रोझ', उशी 'अल्मोफादा'. साखरेचा प्रवास तर संस्कृत शर्करेपासून फारसी शकर, अरबी सुक्कर आणि पोर्तुगीज 'असूकार' असा झाला. शहरातली सगळ्यात जुनी वस्ती अल्फामा, हे नाव गरम पाण्याच्या झऱ्यावरून म्हणजे 'अल-हम्मा'वरून पडलं. अल्कांतारा हा भाग म्हणजे 'अल-कंतरा', पूल. इमारतींच्या भिंतींवर दिसणाऱ्या प्रसिद्ध चकचकीत फरशा 'अझुलेजू' म्हणजे अरबी 'झुलैज'. आणि आपला लिलाव पोर्तुगीज 'लैलाव'वरून आला, तर तो 'लैलाव' अरबीतून.

उर्दू आणि मराठी दोन्ही घरात बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला एवढं कारण पुरे होतं. बाकीच्यांसाठी आता व्यवहाराचं.

कागदपत्रं आणि खर्च

पोर्तुगाल शेंगेन देशांत येतो. या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर विसंबू नये, कारण छाननी ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. बँकेचा उतारा, पगाराच्या पावत्या, रजा मंजूर झाल्याचं पत्र आणि हॉटेलचं आरक्षण यांची फाईल आधीच लावून ठेवावी. व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळत नाही, म्हणून हॉटेल आणि विमान शक्यतो रद्द करता येईल असं घ्यावं.

मे महिना का? हवा बरी असते, ना घाम ना कुडकुडणं. सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे फिरायला दिवस मोठा मिळतो. जूनच्या मध्यात संत अंतोनीचा उत्सव असतो. वसई आणि गोव्यात ज्यांच्या नावाची देवळं आहेत ते सांत अंतोन मूळचे लिस्बनचेच. उत्सव पाहायचा असेल तर तेव्हा जा, पण खोल्या महाग मिळतील. तारखा ठरवताना दोन गोष्टी पाहा : बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि १ मे रोजीही. जुन्या वास्तूंची दुरुस्ती सतत चालू असते, म्हणून तिकीट काढण्याआधी ती वास्तू उघडी आहे ना याची खात्री करा.

आपल्याकडून जाताना आखातात किंवा युरोपात एकदा विमान बदलावं लागतं. लिस्बनचा विमानतळ शहराला लागूनच आहे आणि मेट्रो थेट तिथून सुटते. राहायला बायशा किंवा आवेनिदाच्या आसपासचा सपाट भाग बरा. हे शहर सात टेकड्यांचं, त्यात पदपथ गुळगुळीत दगडांचे. आई-वडिलांना नेणार असाल तर त्यांच्या गुडघ्यांचा आणि सगळ्यांच्या चपलांच्या तळव्यांचा विचार आधी करा. तेरा वर्षांवरच्या प्रत्येक पाहुण्याकडून नगरपालिका रात्रीमागे चार युरो कर घेते. तो सात रात्रींपर्यंतच लागतो, पण हॉटेलच्या भाड्यात धरलेला नसतो.

पहिला दिवस : टेकडी आणि विहीर

पहिला दिवस किल्ल्याचा. सांव जॉर्जच्या किल्ल्यावरून ताग नदीचं रुंद पात्र आणि सगळं शहर दिसतं. आतल्या उत्खननात मुस्लिम काळातल्या घरांचे अवशेष सापडले आहेत. तिथून उतरताना से कॅथेड्रल लागतं. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल पाहिलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. जुन्या मशिदीच्या जागेवर ते उभं राहिलं.

कॅथेड्रलच्या शेजारी एक साधी इमारत आहे, अल्जुब. पर्यटकांची गर्दी तिथं कमी असते, पण आमच्या यादीत ती सगळ्यात वर आहे. सालाझारच्या हुकूमशाहीत १९२८ ते १९६५ पर्यंत हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. २०१५ पासून तिथं त्या काळाचं संग्रहालय आहे. त्यात वसाहतींतल्या स्वातंत्र्यलढ्यांनाही जागा दिली आहे. या इमारतीचं नाव अरबी 'अल-जुब्ब'वरून आलं. जुब्ब म्हणजे खोल विहीर. हजरत यूसुफ यांना त्यांच्या भावांनी ज्या विहिरीत टाकलं, तिच्यासाठी कुराणात हाच शब्द आहे. बायबलमध्ये हीच गोष्ट योसेफाची आहे. रमजानमध्ये तरावीहला सूरह यूसुफ ऐकताना मला हल्ली ही इमारत आठवते. तिचं मी फक्त छायाचित्र पाहिलं आहे.

दुसरा दिवस : भूकंप, क्रांती आणि मोरारिया

१ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, संतांच्या सणासाठी चर्चं भरलेली असताना लिस्बनला भूकंपाचे धक्के बसले. लोक नदीकडे धावले तर तिकडून समुद्राची लाट आली, आणि मेणबत्त्यांनी लागलेल्या आगी कित्येक दिवस धुमसत राहिल्या. त्यानंतर मार्किस द पोंबाल या मंत्र्यानं बायशाचा भाग काटकोनी रस्त्यांचा नव्यानं वसवला आणि घरांच्या भिंतींत धक्का सोसणारा लाकडी सांगाडा घालायला लावला. किल्लारीचा भूकंप आठवणाऱ्या पिढीनं हे रस्ते जरा थांबून पाहावेत. वर टेकडीवर कार्मोचा मठ आहे. भूकंपात त्याचं छत कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. आता कमानींवर थेट आकाश दिसतं.

याच कार्मोच्या चौकात २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही संपली. आफ्रिकेतल्या वसाहतींच्या युद्धांना विटलेल्या सैनिकांनी शहर ताब्यात घेतलं, लोकांनी त्यांच्या बंदुकांत कार्नेशनची लाल फुलं खोवली, आणि पंतप्रधान काएतानोनं इथल्या बराकीत शरणागती पत्करली. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला होता, तरी पोर्तुगालनं ते मान्य केलं या क्रांतीनंतर, १९७४ च्या डिसेंबरात. आपलं एक प्रकरण या चौकात मिटलं, असं म्हणायला हरकत नाही.

खाली रोसियोजवळ सांव दोमिंगुशचं चर्च आहे. १५०६ मध्ये इथूनच बाटलेल्या ज्यूंची कत्तल सुरू झाली, हजारो माणसं मारली गेली. त्यांचं स्मारक २००८ मध्ये चर्चसमोर उभारलं. त्याआधी दहा वर्षं, १४९६ मध्ये, राजा मनुएलनं ज्यू आणि मुस्लिम दोघांनाही देश सोडण्याचा हुकूम काढला होता. चर्चच्या आतले खांब १९५९ च्या आगीत तडकलेले आहेत आणि ते तसेच ठेवले आहेत.

तिथून पाच मिनिटांवर मोरारिया. शहर जिंकल्यावर उरलेल्या मुस्लिमांना तटाबाहेर ही जागा देण्यात आली, म्हणून हे नाव. पुढे याच गल्ल्यांत फादू गाणं वाढलं. त्याची पहिली मोठी गायिका मारिया सेवेरा इथली. शेजारच्या मार्तीं मुनीश चौकाला नाव आहे ते ११४७ च्या वेढ्यात किल्ल्याचं दार उघडं राहावं म्हणून जीव दिलेल्या, दंतकथेतल्या सरदाराचं. आज त्याच चौकात बांगलादेशी, पाकिस्तानी, नेपाळी आणि भारतीय दुकानदार बसतात. हलाल मांस, मसाले आणि फोनची कार्डं विकतात. दरवाजा ज्यांच्यासाठी बंद झाला होता, त्यांचे धर्मबंधू मागच्या गल्लीत बिर्याणी वाढत आहेत.

तिसरा दिवस : बेलेमचा पेच

सगळ्या आखणीत वाद झाला तो याच दिवसावरून. बेलेममध्ये जेरोनिमोसचा मठ आहे. दगडावरच्या जाळीदार कोरीव कामासाठी जगभरातले लोक तो पाहायला येतात. १९८३ पासून तो जागतिक वारशात आहे. आत शिरताच वास्को द गामाचं थडगं लागतं.

मॅडम म्हणाल्या, "सर, बाकी सगळं चालेल. पण रांग लावून त्या गामाच्या थडग्यापुढे मी उभी राहणार नाही. आमच्याकडे अख्ख्या गावाला त्याचं नाव आहे, तेवढं पुरे." त्यांचे मोठे काका १९५५ च्या सत्याग्रहात आग्वादच्या तुरुंगात होते. घरात ती आठवण अजून ताजी आहे.

माझीही अडचण होती, वेगळी. १५०२ मध्ये, दुसऱ्या सफरीत, गामानं मलबारच्या किनाऱ्याजवळ मक्केहून परतणारं 'मिरी' नावाचं जहाज अडवलं आणि प्रवाशांसकट जाळलं. त्यात बायका होत्या, मुलं होती. याची नोंद पोर्तुगीजांच्याच वृत्तांतांत आहे. माझे आजोबा, त्यांना आम्ही दादामियाँ म्हणत असू, मुंबईहून जहाजानंच हजला गेले होते. ते परत येईपर्यंत दादी रोज बंदराकडच्या दिशेला तोंड करून दुआ मागत, असं अम्मी सांगायची. जहाज म्हटलं की आमच्या घरात ती वाट पाहणं आठवतं. त्यामुळे मिरीवरच्या माणसांची वाट पाहणारी घरं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आणि १५१० मध्ये आल्बुकर्कनं आदिलशहाकडून गोवा घेतला, तेव्हा शहरातल्या मुस्लिमांची कत्तल केल्याचं त्यानं स्वतःच आपल्या राजाला पत्रानं कळवलं होतं.

मग बेलेम गाळायचं का? माझ्या मुलानं, तो यंदा बारावीला आहे, मधेच विचारलं, "अब्बा, आपण आग्र्याला, विजापूरला जातो, तेव्हा तिथल्या राजांनी कुणाला मारलं नव्हतं का?" पोरगा बरोबर बोलत होता. कुठल्या राजधानीचे दगड निव्वळ प्रेमानं रचले गेले? मग दिल्लीचेही नाहीत आणि लिस्बनचेही नाहीत.

तोडगा मॅडमनीच काढला. बेलेमवरून जाणारी कास्काइशची लोकल पुढे काशियास या स्थानकावर थांबते. तिथल्या किल्ल्यात सालाझारचा तुरुंग होता. सांगलीत जन्मलेले आणि शिक्षक म्हणून गोव्यात गेलेले मोहन रानडे यांना गोवा मुक्तिसंग्रामात १९५५ मध्ये पकडून २६ वर्षांची शिक्षा ठोठावली गेली आणि नंतर इथं आणून डांबलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. रानडे सुटले नाहीत. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. म्हणजे ज्या भूमीसाठी ते तुरुंगात गेले ती स्वतंत्र झाल्यावरही सात वर्षं हा मराठी माणूस लिस्बनच्या वेशीवर कोठडीत होता. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या क्रांतीत याच काशियासचे दरवाजे उघडून पोर्तुगीज राजकीय कैदीही बाहेर आले. त्यांना आणि रानड्यांना कोंडणारी राजवट एकच होती.

"आधी काशियास, मग गामा," मॅडम म्हणाल्या. "या क्रमानं असेल तर येते." काशियासला आजही तुरुंग आहे, आत जाता येत नाही. बाहेर रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहायचं आणि परतीच्या गाडीनं बेलेमला यायचं, असं ठरलं आहे.

त्याच दिवशी वेळ उरला तर राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात सोन्याचं एक चर्चपात्र पाहायचं आहे. १५०६ मध्ये घडवलेली ही 'कुश्तोदिया द बेलेम'. तिचं सोनं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या किल्वाच्या सुलतानाकडून खंडणी म्हणून आणलेलं. कारागिरी अप्रतिम आहे. ती पाहायची आणि सोनं कुठून आलं तेही लक्षात ठेवायचं.

चौथा दिवस : मशीद, फरशा, निवांतपणा

शेवटच्या दिवशी सकाळी फरशांचं संग्रहालय आणि दुपारी मध्यवर्ती मशीद. ही मशीद १९८५ मध्ये उघडली. ती उभी करणाऱ्यांत मोझांबिकहून आलेली, मूळची गुजराती कुटुंबं बरीच होती. म्हणजे भारतातून आफ्रिकेत आणि तिथून वसाहत सुटल्यावर लिस्बनमध्ये. आपल्या लोकांनी या शहराला बरंच काही दिलं आहे. युरोपीय परिषदेचे आजचे अध्यक्ष अंतोनियो कोस्ता आधी लिस्बनचे महापौर आणि मग देशाचे पंतप्रधान होते. त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं. तिथं नात्यातली माणसं त्यांना अजून 'बाबुश' म्हणतात.

संध्याकाळ मोकळी ठेवा. पिवळ्या २८ नंबरच्या ट्राममध्ये बसायचं असेल तर मात्र सकाळी लवकर, मार्तीं मुनीशहून बसा. दिवसा तिथं गर्दी असते आणि खिसेकापूही.

जेवणाचं काय?

हा प्रश्न आमच्याइतकाच शाकाहारी वाचकांचाही. 'पोर्को' म्हणजे डुकराचं मांस, 'बान्या' म्हणजे त्याची चरबी, 'विन्यू' म्हणजे दारू, हे तीन शब्द पाठ असू द्या. 'काल्दू व्हेर्द' हे हिरव्या भाजीचं सूप निरुपद्रवी दिसतं, पण त्यात बहुधा सॉसेजचे तुकडे असतात, म्हणून विचारून घ्या. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे : भाजलेले तारली जातीचे सार्डिन, खारवलेला कॉड. मोरारियात हलाल आणि शाकाहारी दोन्ही मिळतं. बसल्याबरोबर पाव आणि जैतून टेबलावर येतात. ते फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत करावेत, बिलात लागत नाहीत. बेलेमला १८३७ पासून चालू असलेल्या दुकानातली कस्टर्डची पेस्ट्री प्रसिद्ध आहे. आम्ही त्यातले घटक विचारून मगच खाणार आहोत.

कुणी रमजानमध्येच प्रवास करणार असेल तर धर्मानं मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दिली आहे. राहिलेले रोजे घरी येऊन पूर्ण करता येतात. ठेवायचेच असतील तर फेब्रुवारी-मार्चमधला लिस्बनचा दिवस आपल्याइतकाच, अकरा-बारा तासांचा असतो. जूनमधला रोजा मात्र सतरा तासांवर जातो.

आमची फाईल तयार आहे. ईदनंतरच्या आठवड्यात अर्ज द्यायचा आहे. व्हिसा मिळेल का, मॅडमच्या सासूबाईंचे गुडघे साथ देतील का, काशियासच्या रस्त्यावर उभं राहून नेमकं काय वाटेल, यांची उत्तरं आज कुणाकडेच नाहीत. आमच्या घरात अशा वेळी 'इन्शाअल्लाह' म्हणतात. मॅडम 'देवाक काळजी' म्हणतात. आणि लिस्बनचा माणूस म्हणतो 'ओशाला', असं होवो. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी अरबी राजवट तिथून गेली, पण जाताना त्यांच्या तोंडी आपलं 'इन्शाअल्लाह' ठेवून गेली.